गुरुजींच्या कमरेला रिव्हॉल्व्हर

माणसं औरंगाबादपर्यंत येतात, लेणी बघतात आणि मागं फिरतात. जालन्याला हौसेनं कुणी उतरत नाही. मीही उतरलो नसतो, पण जानेवारीत माझ्या धाकट्या बहिणीचं, सुमनचं, पत्र आलं. त्यात खुशाली वगैरे काही नव्हतं. ‘दादा, तुझ्या दाजींना पिस्तुलाचं लायसन मिळालं आहे. ते विकत घेतील असं वाटत नाही. घेतलं तरी चालवता येणार नाही. तू ये.’ एवढंच.

दाजी म्हणजे भास्कर गुरुजी. भोकरदनच्या वर, अजिंठ्याच्या डोंगराला टेकून असलेल्या खडकवाडीत ते राहतात आणि रोज अर्धा कोस चढून खिंडीतल्या शाळेत शिकवायला जातात. त्यांच्या आधीच्या मास्तरांचा अर्धा चेहरा त्याच वाटेवर अस्वलानं ओरबाडून नेला. त्यानंतर शाळा दोन वर्षं बंद होती. दाजींनी ती उघडली आणि गेली चार वर्षं चालवली. या दिवाळीनंतर मात्र सरपणाला गेलेल्या एका बाईला अस्वलानं फाडलं, तेव्हा सुमननं नवऱ्याला सरळ सांगितलं की एकतर हत्यार घ्या नाहीतर बदली मागा. गावच्या पाटलांना शाळा बंद पडायला नको होती, कारण त्यांची नात तिसरीत होती. त्यांनी खटपट करून लायसन आणलं आणि खर्चही उचलला. राहिला प्रश्न शिकवण्याचा. मी अठरा वर्षं पलटणीत काढली, त्यातली सात छोट्या हत्यारांचा उस्ताद म्हणून. आता नाशिकरोडला एका कारखान्यात पहारेकऱ्यांचा जमादार आहे. पहारेकऱ्यांना शिकवण्यासारखं फारसं नसतं, त्यामुळे पत्र वाचून मला काळजी वाटली तशी थोडी खुशीही झाली, हे कबूल करतो.

जालना

मनमाडहून छोट्या रुळाची गाडी अंग मोडून काढते. स्टेशनावर दाजी उभे होते. पांढरा पायजमा, खांद्याला शबनम पिशवी, पायात टायरच्या चपला. जय भीम झाला आणि लगेच ते म्हणाले, आधी चहा घेऊ, दुकान काही पळून जात नाही. त्यांना दुकानात जायचंच नव्हतं, हे मी तिथंच ओळखलं. चहा इतका गोड होता की ओठ चिकटले. आमच्याकडे असा चहा लग्नातसुद्धा देत नाहीत.

दुकान मस्तगड किल्ल्याच्या अंगाला एका गल्लीत, सायकलवाल्याच्या माडीवर होतं. मालक हमीदभाई सत्तरीचे, निजामाच्या काळापासून याच धंद्यात. त्यांनी लायसन तीनदा वाचलं, चष्मा पुसला आणि लाल कापडावर तीन हत्यारं मांडली. तिन्ही जुनी, विलायती.

पहिलं मुठीत मावेल एवढं चिमुकलं पिस्तूल होतं. ते मी हातही न लावता बाजूला सारलं. दुसरं चपट्या बनावटीचं, चकचकीत, मुठीत गोळ्यांची पट्टी सरकवायचं. दाजींना तेच आवडलं, कारण ते पिशवीत दिसलं नसतं. मी त्याचा नळीवरचा सरकता भाग मागं ओढायला लावला तर त्यांच्याकडून तो निम्माच आला. वाटेत धूळ, पिशवीत खडूची भुकटी, आणि हात कापत असताना हे यंत्र अडकलं तर पुन्हा मोकळं करायला वेळ कोण देणार? तिसरं होतं सहा घरांचं रिव्हॉल्व्हर. रंग उडालेला, लाकडी मुठीला एक चीर. पण चक्र घट्ट होतं आणि नळीच्या आत एक डाग नव्हता. यातली एखादी गोळी फुसकी निघाली तर पुन्हा चाप ओढायचा, दुसरी समोर येते, एवढं सोपं. मी तेच घ्यायला लावलं.

हमीदभाई कागद करताना थांबले. म्हणाले, “गुरुजी, सच बोलूं? इससे अस्वल मरता नई. आवाज से भागा तो भागा. बारा बोर की बंदूक लेव.”

“मी शाळेत जाऊन राह्यलो, शिकारीला न्हाई,” दाजी म्हणाले. “लांब बंदूक कुठं टांगू? ज्या भिंतीखाली लेकरं बसतात तिथं?”

त्यावर हमीदभाईंनी मान हलवली. मला मात्र म्हाताऱ्याचा राग आला. आपला माल विकताना कोणी त्याची नालस्ती करतं का? मी म्हणालो, हत्यार लहान-मोठं नसतं, हात पक्का लागतो. तो पक्का करायला मी आलो आहे.

खडकवाडी

भोकरदनच्या एस.टी.त पहिली फजिती झाली. दाजींनी तिकिटासाठी पिशवीत हात घातला आणि काडतुसांचा पुठ्ठ्याचा डबा खाली पडून फुटला. पंचवीस काडतुसं घरंगळत ड्रायव्हरपर्यंत गेली. मला वाटलं आता गोंधळ उडतो. पण लोकांनी पाय वर घेतले, वाकून वाकून एकेक वेचून दिलं. एका आजीनं तर पदरानं पुसून दिलं आणि विचारलं की हे बॅटरीचे मसाले, म्हणजे सेल, का. दाजी हो म्हणाले. पंचवीसच्या पंचवीस परत मिळाली. आमच्या नाशिकच्या बसमध्ये दोन तरी खिशात गेली असती.

भोकरदनपासून बैलगाडी. दोन्ही अंगांना काळी जमीन, डोक्याएवढी ज्वारी, कापसाची शेवटची वेचणी चाललेली, आणि उत्तरेला डोंगराची निळी ओळ. मोठं शांत दिसत होतं सगळं. ओळ जवळ आली तशी ती निळी राहिली नाही. बोरी, सीताफळी, घाणेरीचं रान, मध्ये काळे कातळ आणि कातळांत कपारी. दुष्काळात इथले झरे आटले तेव्हा अस्वलं खाली आली आणि मग बोरांच्या नादानं खालीच राहिली, असं गाडीवान सांगत होता. सांगताना तो बैलांशी उगाच मोठ्यानं बोलत होता. मला वाटलं, या भागातल्या लोकांना हळू बोलायची सवयच नाही.

सुमन दारात उभी होती. माझ्या आधी तिनं पिशवीकडे बघितलं. त्या दिवशी पाटलांच्या शेतात आमच्यासाठी हुरडा भाजला. शेणीच्या आरात, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत, कणसं खुपसायची, हातावर चोळायची, गरम दाणे आणि शेंगदाण्याची चटणी. असा हुरडा मी आयुष्यात खाल्ला नव्हता. पाटलांनी रिव्हॉल्व्हर हातात घेऊन तोललं आणि म्हणाले, “उस्ताद, आमची साळा आता तुमच्या हातात हाय बगा.” मी मिशीवरून हात फिरवला असणार.

घरी आल्यावर नवरा-बायकोचं जुंपलं. दाजी रोज सकाळी वंदना म्हणून पंचशील घेतात. त्यातलं पहिलंच, प्राण्याची हत्या करणार नाही. ते म्हणून झालं की कमरेला हे लटकवायचं कसं, हा त्यांचा प्रश्न होता. सुमन भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी उलटून ती म्हणाली, “मंग संध्याकाळी घरी येईन असं बी एक शील घ्या.”  

ओढ्यातली कवायत

रविवारपासून गावामागच्या कोरड्या ओढ्यात शिकवणी सुरू केली. पहिला अख्खा दिवस एकही गोळी भरू दिली नाही. रिकाम्या हत्याराच्या नळीवर पाच पैशांचं नाणं ठेवायचं आणि चाप ओढायचा. नाणं पडलं तर पुन्हा. दाजींचं नाणं दुपारपर्यंत पडत होतं. गणित शिकवणारा माणूस, प्रत्येक वेळी किती वेळा पडलं ते मोजत होता.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सहापैकी पाच घरं भरली. जुन्या हत्याराचा घोडा रिकाम्या घरावर टेकलेला बरा, ठेच लागली तर मांडीत गोळी जात नाही. दहा पावलांवर मडकं ठेवलं. पहिला बार काढताना दाजींनी डोळे मिटले. मडकं जसंच्या तसं, ओढ्याच्या काठावरची माती मात्र उडाली. मी ओरडलो. पलटणीत ओरडायचो तसाच ओरडलो, आणि मग लक्षात आलं की वर काठावर निम्मं गाव बसलेलं आहे आणि त्यांच्या गुरुजींना कुणीतरी पहिल्यांदाच झापतं आहे.

मडक्यावर हात बसल्यावर खरी कवायत. घोंगडीच्या तुकड्यात भुसा भरून अस्वलाएवढं बोचकं केलं आणि उतारावरून त्यांच्या अंगावर सोडलं. अस्वल धावत येतं तेव्हा दोन श्वासांचा वेळ मिळतो. तेवढ्यात म्यानातून काढायचं, दोन बार टाकायचे. दाजी पहिल्या दिवशी बोचक्याखाली आले. तिसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही गोळ्या बोचक्यात घातल्या आणि भुसा अंगभर उडाला. काठावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. दाजींनी बोचक्याची भोकं बोटानं चाचपली आणि कुणाशी न बोलता घरी गेले. तेरा काडतुसं उरली होती.

या दिवसांत मी रोज सकाळी त्यांच्याबरोबर शाळेपर्यंत जात होतो. पहिल्या सकाळी गावाची शेवटची विहीर ओलांडली आणि दाजींनी एकदम खड्या आवाजात पावकीचा पाढा म्हणायला सुरुवात केली. मग निमकी, मग पाऊणकी, सवायकी. वाट वळली की आवाज आणखी चढवायचा. समोरून सरपणवाल्या बाया आल्या, त्याही प्रत्येक वळणावर विळ्याची मूठ दगडावर ठोकत होत्या. मी विचारलं तर दाजी म्हणाले की इथं सगळे असंच चालतात, अस्वलाला आपण येतोय हे कळलं पाहिजे, म्हणजे ते बाजूला होतं. आधीचे मास्तर अबोल होते. दिवाळीनंतर जिला फाडलं ती बाईही त्या दिवशी नवऱ्याशी भांडून एकटीच घुम्यासारखी निघाली होती.

मला हसू आलं. मी त्यांना समजावलं की हात रिकामे होते तोवर हे ठीक होतं. हत्यार बाळगणारा माणूस बोलत नाही, ऐकतो. पान हललं कुठं, काटकी मोडली कुठं, हे कळलं तर हात वेळेवर कमरेला जाईल. तुम्ही औटकी म्हणत राहिलात तर अस्वल पाठीवर येईपर्यंत पत्ता लागायचा नाही. दाजींनी एकदाच विचारलं, “पण दादा, ते येऊच न्हाई म्हणून तर बोलतो ना?” मी म्हणालो, उस्ताद कोण, तुम्ही की मी? ते बायकोच्या मोठ्या भावाला उलटून बोलणारे नव्हते. दुसऱ्या सकाळी आवाज निम्म्यावर आला, मग नुसते ओठ हलत राहिले. शुक्रवारपर्यंत तेही थांबले.

बोरीचं वळण

शनिवारी सकाळची शाळा. आम्ही उजाडता निघालो. दाजी पुढं, कमरेला भरलेलं रिव्हॉल्व्हर, मी सात-आठ पावलं मागं हातात काठी घेऊन. गावातली पोरं नेहमीप्रमाणे अर्ध्या तासानं घोळक्यानं निघणार होती. थंडी चांगलीच होती. दोघांच्याही चपलांचा आवाज येऊ नये म्हणून मी त्यांना गवतावरून चालायला शिकवलं होतं आणि ते छान चालत होते. मी मनात त्यांना शाबासकी देत होतो.

अर्ध्या चढावर एक वळण आहे. आत कातळ, बाहेर पसरलेली मोठी बोर, तिच्याखाली घाणेरी. दाजी बोरीवरून पुढं गेले. मी तिच्यासमोर आलो तेव्हा घाणेरीतून कुणीतरी नाक शिंकरल्यासारखा आवाज झाला आणि माझ्या कमरेएवढ्या उंचीवर एक काळं तोंड वर आलं. त्याच्या ओठांना बोरांचा गर लागलेला होता. ते मला बघून दचकलं, हे मी शपथेवर सांगतो. मग ते किंचाळलं आणि माझ्यावर आलं.

काठी कुठं गेली ठाऊक नाही. मी उजवा हात तोंडापुढं धरला आणि तो त्याच्या जबड्यात गेला. पाठीवर पडलो. केसांचा वास, कुजकट गोड श्वास, आणि आपलंच हाड दाताखाली वाजलेलं ऐकू येतं. सात वर्षं मी लोकांना शिकवलं की अशा वेळी डोकं थंड ठेवावं. माझ्या डोक्यात फक्त आईचं नाव होतं.

दाजी वळले तेव्हा त्यांच्यासमोर अस्वलाची पाठ होती आणि तिच्याखाली मी. बोचक्याखाली माणूस असतो, हे मी त्यांना शिकवलं नव्हतं. ते सरळ उभे राहून मारते तर गोळी मलाही लागती. त्यांनी तसं केलं नाही. ते धावत जवळ आले, कातळाला खेटून बाजूला झाले, गुडघ्यावर बसले आणि हातभर अंतरावरून दोन बार काढले. अस्वल माझ्यावरून उडालं, गावाकडच्या उतारावर वाटेला लागून असलेल्या घाणेरीत घुसलं आणि तिथं कण्हू लागलं.

दाजींनी माझ्या हाताला त्यांचा सदरा फाडून बांधला.  मग त्यांनी खालच्या वाटेकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. पोरं निघायची वेळ झाली होती. तेवीस पोरं, आणि जखमी अस्वल त्यांच्या वाटेपासून दोन हातांवर. वर खिंडीत पळून जाण्यात अर्थ नव्हता. कुणीतरी त्या घाणेरीवरून खाली जायला हवं होतं.

“डावा हात चालतो का, दादा?” त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो. त्यांनी रिव्हॉल्व्हर माझ्या डाव्या हातात दिलं. त्यात तीन गोळ्या होत्या. मी म्हणालो, तुम्हीच ठेवा. ते म्हणाले, “मला दोन्ही गोष्टी एकदम व्हायच्या न्हाईत. मी बोलतो, तुम्ही बघा.”

आणि ते उघड्या अंगानं खाली निघाले. हजेरी घ्यायला लागले. एकेका पोराचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, जितका आवाज निघेल तितक्या मोठ्यानं, आणि प्रत्येक नावापुढं ‘थांब, मागं फिर’. घाणेरी हलली. आत गुरगुर वाढली. मी कातळाला टेकून नळी झुडपावर रोखली होती, आणि जसे दाजी त्याच्यासमोर आले तसे ते माझ्या नळीसमोरही आले. अस्वल आता बाहेर आलं असतं तर मला मारता आलं नसतं. मी चापावरचं बोट काढलं आणि नुसता बघत राहिलो. दाजी पळाले नाहीत. मुलींची नावं चालू झाली तेव्हा ते झुडपाच्या पलीकडे होते. पाटलांच्या नातीचं नाव त्यांनी घेतलं आणि खूप खालून बारीक आवाज आला, हजर गुरुजी. मला रडू कोसळलं. हात दुखत होता म्हणून नव्हे.

परत निघताना

गाव हलग्या वाजवत वर आलं आणि मला बाजेवर घालून खाली नेलं. भोकरदनच्या डॉक्टरांनी एकवीस टाके घातले. सोमवारी झऱ्याजवळ अस्वल मेलेलं सापडलं. मादी होती. जंगलखात्याच्या माणसानं पंचनामा केला, जीव वाचवण्यासाठी गोळी घातली असं लिहून घेतलं आणि दाजींची सही घेतली. दाजी सही करून आले, भाकरीला हात लावला नाही, आणि रिव्हॉल्व्हर ट्रंकेत तळाशी ठेवून कुलूप घातलं.

गावात मात्र माझा जयजयकार. उस्तादानं शिकवलं म्हणून मास्तरनं नेम धरला, नाहीतर दोघंही गेले असते, असं जो तो म्हणत होता. पाटलांनी मारुतीच्या पारावर मला बसवून हार घातला आणि आणखी दोन लायसनं काढायचं ठरवलं. मी हार घालून घेतला. दाजी शेजारीच उभे होते. ते एक शब्द बोलले नाहीत, आणि त्यांच्या गप्प बसण्याचा मी फायदा घेतला.

निघायच्या दिवशी ते शाळेत गेल्यावर मी सुमनला सांगायचं ठरवलं. ती माझ्या हाताची पट्टी बदलत होती. मी म्हणालो की सुमन, त्या दिवशी एक गोष्ट माझ्यामुळे झाली. ती गाठ सोडत राहिली.

“मला ठाऊक हाय,” ती म्हणाली. “चार वर्षं झाली, ह्यांचा आवाज खिंडीत पोचेपर्यंत मी दारात उभी ऱ्हाते. आवाज पोचला की मंग चूल पेटवते. तू आल्यापासून आवाज कमी कमी व्हत गेला. शुक्रवारी बिलकुल आला न्हाई. मला वाटलं, दादा हाय संगट, त्याला कळतंय. म्हणून मी तुला इचारलं न्हाई.”

मला वाटलं ती रडेल, किंवा चिडेल. तसं काही झालं नाही. तिनं जखमेवरची कापूस-पट्टी उचलली, टाके एकेक बघितले.

“मी तुला बोलावलं, दादा, कारण मला भ्या वाटत व्हतं. ह्यांना भ्या वाटत न्हवतं. मी त्यांचं ऐकायला पाह्यजे व्हतं.”

मी पाटलांकडे गेलो. त्यांच्या ओसरीवर चार माणसं बसली होती. त्यांच्यासमोर मी सगळं सांगितलं, दाजींचं मोठ्यानं पाढे म्हणणं मी बंद केलं आणि म्हणून अस्वल दचकलं, इथपासून. पाटलांनी पानाला चुना लावून विडा तोंडात घातला. मग त्यांनी विचारलं की तुमची गाडी किती वाजता आहे. हार घालताना जी माणसं आली होती त्यातलं कुणी मला पोचवायला आलं नाही. मी त्यांना दोष देत नाही.